गिरणीतला फोटो

काकांचा आवाज मी आधी ऐकला, काका नंतर पाहिले. नाशिकला शाळेत नोकरी लागली होती आणि खोली शोधत मी मेन रोडच्या मागच्या एका गल्लीत आले होते. गल्लीत एका बाजूला पिठाची गिरणी, बरोब्बर समोर फोटो स्टुडिओ. स्टुडिओच्या माडीवर खोली रिकामी आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. मी पायरीवर पाय ठेवला आणि आतून कडाडून हुकूम आला, "मान उचला! अजून! आकाशात बघा नाही म्हटलं, मान उचला म्हटलं!"

मी मान उचलली. आत एक नवं जोडपं घामाघूम होऊन स्टुलांवर बसलं होतं आणि हुकूम त्यांच्यासाठी होता, हे नंतर लक्षात आलं. काळ्या फडक्याखालून काका बाहेर आले. बुटके, पांढरा बुशशर्ट, कानावर पेन्सिल. माझ्याकडे पाहून म्हणाले, "खोलीसाठी का? खोली मिळेल. पण तुम्ही चालताना डावा खांदा पाडता. शिक्षिका ना? पिशवीमुळे होतं ते."

त्या माडीवर मी दहाएक वर्षं काढली. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढची. एवढ्या वर्षांत माझा डावा खांदा सरळ झाला नाही. काकांनी मात्र तो नीट करायचा प्रयत्न कधी सोडला नाही.

माणूस दिसला की त्याची हनुवटी दोन बोटांत धरून नीट बसवायची, हा त्यांचा धर्म होता. आधी रुमालाने बोटं पुसायची, मग हनुवटी धरायची. भाजीवाल्याची, पोस्टमनची, एकदा तर घरी जेवायला आलेल्या व्याह्यांची. फोटो काढायचा असो वा नसो. कुणाच्या घरी गेले की भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत. गल्लीतल्या एका घरी समाचाराला गेलो होतो, तिथे हार घातलेला फोटो जरा कलला होता. बाईंचं रडणं चालू असताना काका उठले, फोटो सरळ केला, दोन पावलं मागे जाऊन पाहिला, परत किंचित हलवला आणि मग येऊन बसले. बाहेर पडल्यावर काकू म्हणाल्या, "शोभतं का हे?" काका म्हणाले, "गेलेल्या माणसाला वाकडं ठेवणं शोभतं का?"

"चेहरा तुम्ही आणा, फोटो मी करतो," असं ते गिऱ्हाइकाला सांगत. कुणी हसलंच तर, "हसू ओठांच्या आत ठेवायचं." कुणी कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून बसलं तर, "नाक सगळ्यांनाच असतं, ते दाखवायची घाई करू नका."

आणि खरं काम पुढेच. मागच्या खिडकीशी एक उतरतं मेज होतं, त्यात काच बसवलेली. त्या काचेवर मोठी निगेटिव्ह ठेवायची आणि पॉलिशपेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल घेऊन चेहरा दुरुस्त करायचा. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालावरचा डाग, सगळं त्या पेन्सिलीखाली निघून जाई. "देवाला घाई झाली की अशा खुणा राहतात," असं पुटपुटत ते तासन्‌तास तिथे बसत. लग्नाच्या मुलींचे फोटो काढायला सिन्नरपासून लोक येत, ते या पेन्सिलीसाठी.

काकू गल्ल्यावर बसत, पावत्या फाडत, फोटो पाकिटात घालत. एकदा पाकिटं भरताना मला म्हणाल्या, "बघा, यांच्या फोटोत अख्ख्या जिल्ह्याला एकच हनुवटी आहे."

अशा माणसाच्या हाती एक दिवस लांब नळीची लेन्स आली.

देवळालीला एक वयस्कर पारशी गृहस्थ राहत. दर वर्षी कुत्र्यासकट येऊन फोटो काढून घेत. काकांना हनुवटी धरू दिली नाही असा हा कुत्रा एकटाच. त्या गृहस्थांची नजर गेली, तेव्हा त्यांनी आपला जपानी कॅमेरा काकांना देऊन टाकला. "हवे मने शूं कामनो?" म्हणाले, आता मला काय कामाचा. कॅमेऱ्याबरोबर दोन लेन्सा होत्या. रोजच्या वापरातली जी होती, तिच्या काचेला पावसाळ्यात बुरशी लागून ती आंधळी झालेली. दुसरी चांगली होती, पण ती लांब नळीची, एकशे पस्तीस मिलिमीटरची. दुरून काढायची.

पहिल्याच दिवशी काकांनी ती लावून मला स्टुडिओत बसवलं. डोळा लावला आणि ओरडले, "बाई, तुमचा फक्त कान येतोय!" मागे सरकले. भिंतीला टेकले. "आता नाक आणि कान." त्यांचा स्टुडिओ म्हणजे एक अरुंद खोली, तीही अर्धी पडद्याने आणि दिव्यांनी अडवलेली. त्या लेन्सला ती पुरेना. जवळ गेलं की सगळं धूसर. काका दारातून बाहेर गेले, पायऱ्या उतरले, गल्लीत उभे राहिले. एक सायकलवाला त्यांना धडकता धडकता वाचला. मग ते गल्ली ओलांडून सरळ समोरच्या गिरणीत शिरले आणि पिठाच्या डब्यांमध्ये उभं राहून त्यांनी डोळा लावला. मला खुणेने दाराच्या उंबऱ्याशी यायला सांगितलं. मग तोंड उघडून ते काहीतरी ओरडले.

काय ओरडले कोण जाणे. गिरणीचा पट्टा फिरत होता, जातं घरघरत होतं. काका तोंड उघडत होते, मिटत होते, हातवारे करत होते. मी "काय?" म्हणून पुढे वाकले. तेवढ्यात त्यांनी फोटो काढला.

तो फोटो माझ्याजवळ आहे. पुढे वाकलेली, कपाळाला आठ्या, खांदा पडलेला. डोळे इतके टोकदार आलेत की पापणीचा केस न् केस मोजावा, आणि कानामागे सगळं दुधासारखं विरघळलेलं. काकांनी तो अंधाऱ्या खोलीतून ओलाच बाहेर आणला. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "यात मी काहीच केलं नाही."

तक्रार होती की आणखी काही, मला कळलं नाही. बहुधा त्यांनाही नसेल कळलं.

मग तो खेळच झाला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काका गिरणीत. गिरणीवाले अण्णा त्यांच्यासाठी एक डबा उपडा घालून ठेवत. काका परत येत ते भुवयांपर्यंत पांढरे होऊन. काकू दारातच अडवून पंच्याने झटकत. "दळण मिळालं का?" विचारत. पण पोटाचा धंदा जुन्या कॅमेऱ्यावरच चालू होता. मान उचला, ओठ मिटा, आणि पुढे पेन्सिल.

एके दिवशी दुपारी लासलगावकडचे एक शेतकरी आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांची मुलगी सुमन नाशिकला मावशीकडे राहून शिक्षिकेचा कोर्स करत होती आणि पाठ घ्यायला आमच्या शाळेत येत असे, म्हणून मी त्यांना ओळखत होते. मी तेव्हा काकूंशी बोलत काउंटरपाशी उभी होते. तात्यांनी खिशातून एक फोटो काढून काउंटरवर ठेवला. सुमनचा, आमच्याच स्टुडिओतला. ओठ मिटलेली, मान कललेली, गुळगुळीत गालांची एक सुंदर मुलगी.

"यात काही बिघडलं का?" काका म्हणाले.

"फोटूत काय बिघडलं नाय." तात्या शांतपणे बोलत होते. "सिन्नरची मंडळी आली व्हती बघायला. फोटू बघून आली. पोरगी पोहे घेऊन बाहेर आली. पोराचा मामा उठला, त्यानं खिशातून ह्यो फोटू काढला आन पोरीच्या तोंडाजवळ धरला. सगळ्यांसमोर. म्हनला, ही फोटूतल्या पोरीची थोरली बहीण हाय का?"

सुमनचे वरचे दात पुढे होते. बोलताना, हसताना दिसत. फोटोत ते नव्हते. ओठांवरची ताणलेली रेषाही पेन्सिलीने मऊ केलेली होती.

"तात्या, मी चांगल्यासाठीच..." काका म्हणाले.

"म्या कुठं वाईट म्हनलो? लय झ्याक काढलाय. पर पोर माही हाय आन फोटू तुमचा हाय. तुमचा तुमी ठेवा."

ते निघून गेले. काकांनी फोटो उचलला नाही. संध्याकाळी काकूंनी तो उचलून खणात टाकला. त्या रात्री काका जेवले नाहीत, हे काकूंनी मला सकाळी सांगितलं. पुढचे बरेच दिवस त्या उतरत्या मेजावर निगेटिव्ह तशाच पडून राहिल्या. काका पेन्सिल घासत, टोक बघत आणि खाली ठेवत.

शाळेत सुमन काहीच घडलं नसल्यासारखी वागत होती. मुली तिच्यावर खूश होत्या. मी विषय काढला नाही. एका शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर तीच म्हणाली, "बाई, मला तुमच्या काकांकडे यायचंय."

काका तिला पाहून उठूनच उभे राहिले.

"काका, माझा फोटो परत काढा," ती म्हणाली. "पण या वेळी दात दिसले पाहिजेत."

"दात? अगं, फोटोत दात..."

"ज्याला यायचंय त्यानं आधी दात बघावेत, मग यावं. दर वेळी पोहे कशाला फुकट घालवायचे?"

काका माझ्याकडे बघायला लागले, मग काकूंकडे. त्यांच्या चेहऱ्यावर मी भीती पहिल्यांदाच पाहिली. हजारो चेहरे बसवलेला माणूस, पण एक चेहरा आहे तसा काढायचा म्हटल्यावर हात कुठे लावायचा हेच त्यांना कळेना. त्यांनी रुमाल काढला, बोटं पुसली, सुमनच्या हनुवटीकडे हात नेला आणि तिथेच थांबवला. मग आत गेले, लांब नळीचा कॅमेरा घेऊन आले आणि गल्ली ओलांडून गिरणीत गेले.

सुमन उंबऱ्याशी स्टुलावर बसली. ताठ, हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. दात दाखवायचे ठरवून आली खरी, पण कॅमेरा दिसला की ओठ आपोआप मिटत होते. समोर काका डब्यांमध्ये उभे, डोळा लावून. गिरणी धडधडत होती. वेळ चालला होता.

काकू गल्ल्यावरून उठल्या, तांदळाचं ताट घेऊन सुमनशेजारी उंबऱ्यावर बसल्या आणि खडे निवडायला लागल्या.

"तुला सांगते," त्या म्हणाल्या, "आमच्या लग्नात फोटो यांच्या मित्राने काढायचे, असं ठरलं होतं. अंतरपाट धरला. भटजींनी सुरू केलं. आणि हे गायब!"

"गायब?"

"अंतरपाट खाली आला तर समोर कुणी नाही. पाहते तर हे मुंडावळ्यांसकट कॅमेऱ्याच्या फडक्याखाली. मित्राला नीट जमत नव्हतं म्हणे. तिथून ओरडताहेत, नवरी मुलीला म्हणावं मान उचल!"

"मग?" सुमनने हसू दाबत विचारलं.

"मग काय? माझे वडील विचारतात, मुलगी कॅमेऱ्याला द्यायची का?"

सुमन फुटली. मान मागे, डोळे मिटत आलेले, नाकाला सुरकुत्या, सगळे दात उघडे. एक हात तिने काकूंच्या खांद्यावर मारला, ताटातले तांदूळ उडाले. काकूही हसत होत्या, मीही. गल्लीच्या पलीकडे काकांना यातला एक शब्दही ऐकू जात नव्हता. आपल्यावरच हसणं चाललंय याची त्यांना कल्पना नव्हती. ते फक्त बघत होते आणि बटण दाबत होते.

परत आल्यावर त्यांनी काकूंना विचारलं, "काय सांगत होतीस तिला?"

"भाजीचं," काकू म्हणाल्या.

रविवारी फोटो तयार झाला. काकांनी सवयीने पेन्सिल उचलली होती, हे मी पाहिलं. पण त्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह नखाएवढी, तिच्यावर पेन्सिल चालवायला जागाच नव्हती. हुकूम पोचत नाही आणि पेन्सिल टेकत नाही. काका पाणी घातलेल्या तसराळ्यात तरंगणाऱ्या त्या हसऱ्या मुलीकडे बघत बसले होते.

"बाई," ते मला म्हणाले, "मी हिला आधी बघितलंच नव्हतं हो. समोर बसली होती तेव्हासुद्धा. मी हनुवटी बघत होतो."

तात्या आले. काकांनी फोटो त्यांच्या हातात दिला आणि स्वतः पाठ करून पडद्याशी काहीतरी आवरायला लागले. तात्यांनी फोटो दाराच्या उजेडात नेला. मग बाहीने डोळे पुसले.

"ही सुमी हाय," म्हणाले.

मी लिहिते आहे म्हणून गोष्ट गोड करणार नाही. त्या फोटोने सुमनचं लग्न जमलं नाही. तात्यांनी तो बऱ्याच ठिकाणी पाठवला. बहुतेक ठिकाणांहून उत्तर आलं नाही, एका ठिकाणाहून फोटो परत आला. पण त्या घरात पुन्हा कुणी पोहे खाऊन तिच्या तोंडाशी फोटो धरला नाही. कोर्स संपल्यावर सुमनला सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या एका शाळेत नोकरी लागली आणि तिथल्याच एका शिक्षकाशी तिने लग्न केलं. त्याने तो फोटो पाहिलाही नव्हता. तो तिला रोज हसताना बघत होता.

नोकरीवर निघण्याआधी ती स्टुडिओत आली, तेव्हा काकांनी चाचरत विचारलं, "तुझा फोटो बाहेर काचेत लावला तर चालेल का?"

"लावा की," ती म्हणाली. "मला काय चोरी आहे?"

लावला. आणि धंदा बसला. लग्नाच्या मुलींच्या आया काचेपाशी थांबत, फोटो बघत आणि पुढच्या चौकातल्या दुसऱ्या स्टुडिओत जात. आत आल्याच तर आधीच बजावत, "बाहेरच्या दात काढलेल्या मुलीसारखा नको हं." काकूंनी काही दिवस सोसलं, मग एकदा म्हणाल्या, "तो आत लावला तर?" काका म्हणाले, "तिला विचारून लावलाय. काढायचा तर तिला विचारावं लागेल. आणि ती सुरगाण्याला." तोडगा त्यांनी वेगळाच काढला. गिऱ्हाईक आलं की विचारायचे, "इथला हवा की गिरणीतला?" हळूहळू लोकांना ते शब्द कळायला लागले. सासरच्यांना पाठवायचा तो इथला. घरच्यांना ठेवायचा तो गिरणीतला. एक आजोबा तर थेट गिरणीतच गेले आणि अण्णांना म्हणाले, फोटो काढा. अण्णांनी त्यांना गहू किती आहेत विचारलं.

काका बदलले ते असे. रुमाल खिशातच राहायला लागला. जिन्यात भेटलो तर माझ्या खांद्याकडे बघून नुसते हसायचे. सुट्टीच्या दिवशी द्वारका चौकातून एस.टी. पकडून कॅमेरा घेऊन कुठेकुठे जायचे. एकदा लासलगावच्या बाजारात ट्रकवर चढून कांदा निवडणाऱ्या बायकांचे फोटो काढत होते. खालून एक हमाल गरजला, "ओ, चोरून काय काढता?" काका खाली उतरले. त्या बायकांपुढे जाऊन हात जोडले, कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि डोळा लावून बघायला सांगितलं. प्रत्येकीने आळीपाळीने पाहिलं. एकजण म्हणाली, "अय्या, तो मेला हमाल इथंच येऊन बसलाय की!" पुढच्या फेरीला काका प्रत्येकीचा फोटो घेऊन गेले. तेव्हापासून दुरून काढायचा असला तरी आधी जवळ जाऊन विचारायचं, असा त्यांनी नेम केला. विचारून परत लांब जायचे आणि लोक त्यांना विसरेपर्यंत थांबायचे. थांबणं त्यांना आता जमायला लागलं होतं.

माझी बदली झाली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. गावात रंगीत फोटो आले होते, तासाभरात मिळायला लागले होते. जिल्ह्यातल्या फोटोग्राफरांनी मेळावा भरवायचा ठरवला. जुन्या मंडळींचा सत्कार होता, त्यात काका. तरुण पोरं निरोप घेऊन आली. "स्मरणिकेत छापायला तुमचा एक फोटो द्या."

काकांनी कपाट उघडलं, खण उपसले. स्वतःचा फोटोच नव्हता. लग्नातल्या फोटोंतही हे फडक्याखाली.

"चौकातल्या स्टुडिओत जाऊन काढून घ्या," मी म्हटलं.

"मेलो तरी जाणार नाही."

"मी काढते," काकू म्हणाल्या.

काकांनी कॅमेरा त्यांच्या हातात दिला, कुठे फिरवायचं, कुठे दाबायचं ते समजावलं. काकूंनी पदर खोचला आणि गल्ली ओलांडून गेल्या. इतक्या वर्षांत त्या दळण घेऊन गिरणीत शेकडो वेळा गेल्या असतील, पण त्या उपड्या डब्यापाशी पहिल्यांदाच उभ्या राहिल्या. मीही मागोमाग गेले. अण्णांनी हात झटकून नमस्कार केला.

समोर उंबऱ्याशी स्टुलावर काका बसले होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. मांडीवर ठेवले, मग गुडघ्यांवर, मग एकमेकांत गुंतवले. केस विरळ झाले होते. बुशशर्टची कॉलर मानेला सैल पडत होती. त्यांनी काहीतरी विचारलं, ते ऐकू आलं नाही. मग ते नुसतेच काकूंकडे बघत राहिले.

काकूंनी डोळा लावला होता. कडं फिरवून प्रतिमा स्वच्छ केली असावी, कारण बोटं थांबली. पण बटण काही दाबेनात. मला वाटलं त्या विसरल्या.

"काकू, ते लाल टिपक्याजवळचं," मी त्यांच्या कानाशी म्हटलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. डोळा तसाच लावलेला. "जरा थांबा हो बाई. चोवीस तास समोर असतात, पण असे कधी बघितलेच नव्हते."

जातं घरघरत होतं. काकूंच्या केसांवर पीठ बसत होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी बटण दाबलं आणि कॅमेरा खाली घेतला, पण तिथून हलल्या नाहीत. समोर काका तसेच बसून होते. फोटो निघालाय हे त्यांना ऐकू जाणार नव्हतं आणि काकूंना ते सांगायची घाई नव्हती.